‘घराण्यात कुणाला?’ हा रकाना काढा : कोल्हापूरच्या वधू-वर मंडळांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील वधू-वर सूचक मंडळांचे पदाधिकारी, मेळाव्यांचे संयोजक आणि सोयरिकी जमवणारी सर्व मध्यस्थ मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या काही मंडळांनी नोंदणीच्या अर्जात एक नवा रकाना घातला आहे. देवक, नाड, रक्तगट, मामांचं आडनाव आणि गाव, एवढं भरून झालं की खाली ओळ येते : ‘घराण्यात कुणाला मानसिक आजार / वेडसरपणा : आहे / नाही.’ चौकशी जुनीच आहे. आधी ती पाहुण्यांच्या पाहुण्यांकडून, दूध संस्थेत, तालमीच्या कट्ट्यावर व्हायची. आता छापून आली, एवढाच फरक. एका संयोजकांना कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘अहो, आता सायन्सच सांगतंय, सगळं जीन्समध्ये असतं. मग विचारलं तर बिघडलं कुठं?’’

कुठं बिघडतं ते सांगायला हे पत्र.

माझं औषधांचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं, आता मी बघतो. मी डॉक्टर नाही, संशोधक तर नाहीच. पण मनाच्या आजारांच्या गोळ्या कोण नेतं, कशा नेतं आणि कुणापासून लपवून नेतं, हे काउंटरच्या अलीकडून जेवढं दिसतं तेवढं कुठल्याही मध्यस्थाला दिसत नसेल. शाहूपुरीतला माणूस या गोळ्या शाहूपुरीत घेत नाही, मंगळवार पेठेत येतो. कागलचा कोल्हापुरात येतो, कोल्हापूरचा मिरजेला जातो. पाकिटं खोक्यातून काढून घेतात आणि खोकं माझ्याच टोपलीत टाकून जातात. ‘‘बिलावर नाव नको घालूस,’’ हे तर रोजचंच. चिठ्ठीवरच्या औषधाच्या बिलात नाव लिहावंच लागतं म्हटलं की हुज्जत होते आणि शेवटी आवाज खाली घेऊन सांगतात, ‘‘पोरीचं जमवायचं चाललंय हो.’’ आजाराला घाबरणारी माणसं मी फार थोडी पाहिली. बहुतेक जण तुम्हाला घाबरतात.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील फिरवलेत, गोष्ट घडलेली आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. जेवण तुटलं, कॉलेज सुटलं, दिवसभर पांघरुणात. मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, घरात पूर्वी कुणाला असा त्रास? आईनं तत्काळ सांगितलं, ‘‘आमच्यात न्हाई कुणाला.’’ नैराश्यावरची गोळी सुरू झाली. काही आठवड्यांत पोरगा उठला तो थांबेचना. रात्र रात्र झोप नाही, तोंडाची टकळी बंद नाही. मित्रांकडून उसने घेऊन जुन्या गाडीचा इसार देऊन आला, शाहूवाडीकडं रिसॉर्ट काढायचं म्हणून जागा बघून आला. शेवटी दाखल करावं लागलं. मग बाहेर आलं की त्याचे धाकटे चुलते कितीतरी वर्षं लिथियमवर, म्हणजे बायपोलर आजारावरच्या औषधावर, आहेत. चुलती त्या गोळ्या माझ्याकडूनच न्यायची, आणि जाऊबाई समोरून येताना दिसली तर रस्ता ओलांडायची.

बायपोलरमध्ये माणूस कधी नैराश्यात, कधी उन्मादात जातो, आणि या आजाराची सुरुवात पुष्कळदा नैराश्यानंच होते. अशा वेळी फक्त नैराश्यावरची गोळी दिली तर काही रुग्ण उलट्या टोकाला, उन्मादात जातात. सख्ख्या चुलत्याला बायपोलर आहे एवढं एक वाक्य डॉक्टरांच्या कानावर पडलं असतं तर त्यांनी जपून पावलं टाकली असती, लवकर बोलावून तपासलं असतं. शिवाय एखाद्या औषधाचा गुण घरातल्या एकाला आला असेल तर तेही सांगण्यासारखं असतं. लिथियमला मिळणारा प्रतिसाद घराण्यात चालत येतो असं दिसलेलं आहे. त्या माउलीला डॉक्टरांना फसवायचं नव्हतं. घरात थोरलीचं स्थळ बघायचं चाललं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ‘आमच्यात न्हाई कुणाला’ सांगून सांगून ते वाक्य तोंडात बसलं होतं. ते तिथंही आलं.

घराण्याची ही माहिती फार कामाची आहे आणि तिची जागा डॉक्टरांची खोली आहे. तुम्ही ती मेळाव्यात मागता, म्हणून ती खोलीतसुद्धा मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच. बाकीचं त्याचा विस्तार समजा.

आता सायन्सचं. रक्ताचा वाटा असतो आणि तो मोठा असतो, हे मी आधीच मान्य करतो. कारण ‘तसं काही नसतं, सगळं संगतीवर आणि संस्कारांवर’ म्हणणारे भले लोकही भेटतात, आणि त्यांचंही खरं नाही. या बाबतीत कोल्हापुरानं तर मागं राहायलाच नको, आपल्याला दत्तकाचा इतिहास पाठ आहे. दुसरे राजाराम महाराज १८७० साली फ्लॉरेन्सला वारले. गादीवर दत्तक आले ते चौथे शिवाजी. हे महाराज वेडे झाले असं इंग्रजांनी आणि कारभाऱ्यांनी ठरवलं. त्यांचा छळ होतोय अशी ओरड उठली, दिवाण बर्वे यांच्याविरुद्धच्या मजकुरापायी टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले, आणि १८८३ च्या डिसेंबरात महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यात असतानाच वारले. पुढच्याच वर्षी कागलच्या घाटग्यांच्या घरातून दत्तक आले ते आपले शाहू महाराज. एखाद्यावर ‘वेडा’ हा शिक्का मारणारा कोण आणि त्याचा फायदा कुणाला, हा प्रश्न या शहरानं दीडशे वर्षांपूर्वीच जाहीरपणे विचारलेला आहे.

संशोधकांनीही दत्तक मुलांकडंच धाव घेतली. रक्त वेगळं आणि घर वेगळं, असं दुसरीकडं मिळणार कुठं? १९६६ मध्ये लिओनार्ड हेस्टन यांनी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली ४७ माणसं अभ्यासली. त्यांच्या आयांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, होता आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत ही मुलं आईपासून दूर केली गेली होती. मोठेपणी त्यातल्या पाच जणांना स्किझोफ्रेनिया झाला. तशीच वाढलेली, पण आईला आजार नसलेली ५० जण तुलनेला होती. त्यांत एकालाही नाही. म्हणजे रक्ताचा वाटा सिद्ध. पण राहिलेल्या ४२ जणांना तो आजार झाला नाही, हे तुमच्यापैकी कुणी अर्जावर छापणार आहे का?

गणित तिथंच फसतं. कुणीतरी सांगतं की स्वमग्नतेत (ऑटिझम) आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्के, एडीएचडीत (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) ७४ टक्के, नैराश्यात ३७ टक्के. हे आकडे खरे आहेत, मोठमोठ्या अभ्यासांतून आलेले आहेत. पण ८० टक्के म्हणजे शंभरातल्या ऐंशी मुलांना होणार, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. मोठ्या लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमधल्या फरकामुळं आहे, एवढंच तो आकडा सांगतो. समोर बसलेल्या एका मुलीबद्दल तो काहीही सांगत नाही.

मुलीबद्दल काय सांगता येतं ते बघा. स्किझोफ्रेनिया कुणालाही आयुष्यात होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. सख्ख्या काका-मामाला असेल तर शंभरात तीन-चार. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात साधारण दहा, म्हणजे नव्वद जण सुटले. एकाच बीजाच्या जुळ्यांत, जिथं जनुकं जवळजवळ सारखी, तिथंही एकाला असताना दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपासच राहतं. आणि उलट बाजूनं पाहिलं तर स्किझोफ्रेनिया झालेल्यांपैकी बहुतेकांच्या आई-वडील-भावंडांत तो कुणालाच नसतो. म्हणजे तुमच्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिणाऱ्या घरांतच यातले बहुतेक रुग्ण निघणार. ज्या चाळणीतून धान्यही पडतं आणि खडेही पडतात, ती घेऊन बसण्यात काय हशील?

एकच ‘वेडाचं जनुक’ असतं आणि ते घराण्यात खाली उतरतं, ही समजूत डोक्यातून काढायला हवी. २०२२ मध्ये नेचर नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेल्या २८७ जागा मानवी जनुकसंचात सापडल्या. एकेकीचा परिणाम अगदी किरकोळ. यातले थोडेफार बदल तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, ज्यांच्या अर्जात ‘उच्चकुलीन’ लिहिलंय त्यांच्यातही आहेत. त्याआधी २०१३ मध्ये दिसलं होतं की स्वमग्नता, एडीएचडी, बायपोलर, नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया या पाचांची जनुकीय मुळं काही प्रमाणात एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून एकाच घरात आजीला बाळंतपणानंतर त्रास झालेला असतो, मामा अबोल आणि एकमार्गी असतो, भाचीला नैराश्य येतं आणि नातू बोलायला उशीर लावतो. यात शाप नाही, करणी नाही, आणि नृसिंहवाडीला कितीही फेऱ्या घातल्या तरी जनुकं बदलत नाहीत. (वाडीला जरूर जा, मीही जातो. पण गोळ्या चालू ठेवून जा.)

पैलवानाच्या पोराला बापाचं हाड मिळतं, तरी पुढं वस्ताद, खुराक, तालीम आणि दुखापत यांवरच कुस्ती ठरते हे आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं. मनाच्या आजारात वस्तादाच्या जागी काय असतं तेही आता बरंच माहीत आहे : गरोदरपणातलं कुपोषण आणि संसर्ग, बाळंतपणात झालेली गुदमर, लहानपणीची मारहाण आणि हेळसांड, कोवळ्या वयात गांजा. यातलं बरंचसं आपल्या हातातलं आहे. यासाठी तुमच्या अर्जात रकाना नाही.

आता तुमच्या अर्जातल्या तीन गमती सांगतो. राग मानू नका.

पहिली, मामाची. मामाला मानसिक आजार असला तर स्थळ मोडतं, पण मामाची मुलगी मात्र हळद लावून घरात आणायला चालते. आपल्याकडं ही प्रथाच आहे, मला तिच्यावर भाषण द्यायचं नाही. पण सख्ख्या मामे-आते भावंडांच्या जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा सामाईक असतो. एरवी दोन-तीन टक्के बाळांना जन्मजात गंभीर व्यंग असतं, अशा जोडप्यांत ते प्रमाण साधारण दुप्पट होतं, आणि बौद्धिक अक्षमता देणारे काही आजार असेच दोन्हीकडून आलेल्या एकाच जनुकामुळं होतात. तेव्हा जनुकांची एवढी काळजी असेल तर ती आधी इथं करा. ‘एकनाड म्हणजे जीन्स सारखी, म्हणून टाळायची’ असं मेळाव्यात माईकवरून सांगणारे, नाड जुळत नाही म्हणून परकी मुलगी नाकारतात आणि सख्ख्या मामाच्या मुलीला पसंत करतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

दुसरी, वयाची. शेती असलेल्या चांगल्या मुलांची लग्नं पस्तिशी-चाळिशीपर्यंत रखडतात, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? आइसलँडमधल्या कुटुंबांच्या जनुकीय तपासणीवरून २०१२ मध्ये दिसलं की बापाचं वय एका वर्षानं वाढलं की बाळात साधारण दोन नवे जनुकीय बदल जास्त येतात. हे बदल आजोबांकडं नव्हते, पणजोबांकडं नव्हते. ९६ कुळी धुंडाळल्या तरी सापडायचे नाहीत. वयस्क बापांच्या मुलांत स्वमग्नतेची आणि स्किझोफ्रेनियाची शक्यता किंचित वाढते, ती यामुळंही असू शकते. किंचितच, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण एका बाजूनं ‘घराणं’ बघत चार-चार वर्षं स्थळं मोडायची आणि दुसऱ्या बाजूनं मुलाचं वय वाढू द्यायचं, याला काय म्हणावं?

तिसरी खरोखर गंभीर आहे. फ्रॅजाइल एक्स नावाचा एक आजार आहे, त्याचं जनुक १९९१ मध्ये सापडलं. इथं मात्र कारण एकाच जनुकात असतं. आजोबांत त्याचं सौम्य रूप असतं. डोकं शाबूत, व्यवहार चोख, फार तर उतारवयात हात थरथरतात आणि चालताना तोल जातो. ते त्यांच्या सगळ्या मुलींकडं जातं. मुली चांगल्या असतात, शिकतात, लग्नं होतात. आणि मग त्यांच्या मुलांत ते पूर्ण रूपात येऊ शकतं : बोलायला उशीर, नजर टाळणं, हात फडफडवणं, बुद्धीची वाढ कमी. आजोबांची थरथर आणि नातवाचं न बोलणं यांची सांगड कुठलाही मध्यस्थ घालणार नाही. त्यांच्या अर्जात ‘वेडसरपणा : नाही’ असंच येणार, आणि ते खरंच असणार. इथं कामी येते ती रक्ताची तपासणी आणि जनुकतज्ज्ञांचा सल्ला.

स्वमग्न मुलांच्या आयांबद्दल इथंच बोलून घेतो. एक काळ असा होता की मूल स्वमग्न झालं ते आईच्या थंडपणामुळं, असं पाश्चात्त्य डॉक्टरच म्हणायचे. १९७७ मध्ये फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजाच्या ११ जोड्यांपैकी चारांत दोघेही स्वमग्न निघाले, वेगळ्या बीजाच्या दहांपैकी एकाही जोडीत नाही. आईच्या डोक्यावरचा आळ तिथून उतरू लागला. आपल्याकडं तो फिरून तिच्याच माहेरावर गेलाय. ‘‘आमच्यात असलं नव्हतं, हे आजोळाकडनं आलंय,’’ हे वाक्य दुकानात बाळाच्या औषधाची चिठ्ठी धरून उभ्या असलेल्या सुनेसमोर बोललं जातं आणि ती मान खाली घालून सुट्टे पैसे मोजत राहते. मुलाची निम्मी जनुकं बापाची असतात, हे सासूबाईंना कुणीतरी सांगायला हवं.

बापांचं म्हणाल तर त्यांना कळतं, पण उशिरा. नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडीचं निदान झालं. वडील ट्रान्सपोर्टच्या धंद्यातले. मुलाच्या गोळ्या काढेपर्यंत ते हातातली प्रश्नावली वाचत होते, शाळेकडून आणि पालकांकडून भरून घेतात ती. वस्तू हरवतो. सांगितलेलं अर्ध्यात सोडतो. आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही. वाचता वाचता त्यांनी काउंटरवर चापट मारली : ‘‘आयला, हे तर माझंच लिवलंय की!’’ मग हसले, आणि जरा वेळानं म्हणाले, ‘‘मास्तरनं मला ह्यापायी लई बडवलंय.’’ तो गृहस्थ त्या दिवसापासून पोराशी वेगळा वागतो, असं त्याच्या बायकोनं मला सांगितलं. घराण्यातून काय आलंय हे समजण्याचा एवढा मोठा उपयोग आहे. पण हे समजण्यासाठी ते बोलायची मुभा हवी. एडीएचडी असलेल्या मुलाच्या आईला वा वडिलांना तो असण्याची शक्यता बरीच असते, आणि कितीतरी जण त्याला ‘माझा स्वभावच तापट’ म्हणून आयुष्य काढतात.

तुमच्यातले काही म्हणतील, ठीक आहे, चाळणी कच्ची असेल, पण घराणी निवडून घेतली तर हळूहळू आजार कमी तरी होतील. हा प्रयोग करून झालेला आहे. १४ जुलै १९३३ ला हिटलरच्या जर्मनीत ‘आनुवंशिक आजारांची संतती रोखण्या’चा कायदा आला. त्यावर भाष्य लिहिणाऱ्यांत एर्न्स्ट रुडिन हे मानसोपचारतज्ज्ञ होते. १९१६ मध्ये याच रुडिननी रुग्णांच्या भावंडांचा अभ्यास केला होता आणि आजार मेंडेलच्या प्रयोगातल्या वाटाण्याच्या रंगासारखा सरळ हिशेबानं उतरत नाही हे त्यांना स्वतःलाच दिसलं होतं. तरीही कायदा झाला. आधी नसबंदी, मग १९३९ पासून सरळ हत्या. पुढच्या अभ्यासकांच्या अंदाजानं स्किझोफ्रेनियाच्या २ लाख २० हजार ते २ लाख ७० हजार रुग्णांची नसबंदी झाली किंवा त्यांना मारलं गेलं, म्हणजे देशातल्या अशा रुग्णांपैकी ७३ ते १०० टक्के. आणि युद्धानंतर जर्मनीत या आजाराचे नवे रुग्ण कमी झाले नाहीत, उलट प्रमाण जास्तच आढळलं. तुमचा रकाना आणि तो कायदा एका मापाचे आहेत असं मी म्हणत नाही. तुमची मंडळी सज्जन आहेत, लग्नं लावतात. पण ‘घराणं गाळून आजार गळतो’ हा हिशेब तोच आहे आणि तो चुकलेला आहे.

मग लपवायचं का? नाही. इथं माझं मत कडक आहे. ज्याचं लग्न व्हायचंय त्याला किंवा तिला स्वतःला आजार असेल, औषध चालू असेल, तर ते समोरच्याला माहीत असायलाच हवं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात मानसिक आजाराची जी अट आहे ती वधू-वरांच्या स्वतःच्या आजाराची आहे, आणि तीही आजारामुळं संमतीच देता येत नसेल, आजार विवाहाला आणि संततीला अपात्र ठरवण्याइतका असेल किंवा वेडाचे झटके वारंवार येत असतील तरच. मिरगी त्यात होती, ती १९९९ मध्ये काढून टाकली. महत्त्वाची गोष्ट दडवून, फसवून संमती घेतली तर लग्न रद्द करून मागता येतं. पण या सगळ्या कायद्यात काका, मामा, आत्या यांच्या आजाराची अट कुठंही नाही. तो रकाना फक्त तुमच्या अर्जात आहे.

स्वतःचा आजारही सांगायचा तो मुलानं मुलीला, मुलीनं मुलाला, सुपारी फुटण्याआधी, समोरासमोर. मंडळाच्या फायलीत नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये रुग्णाला आपली माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. डॉक्टर-दवाखान्यांनी जी गोष्ट जपायची, ती बायोडाटाबरोबर पीडीएफ करून शे-दीडशे पाहुण्यांना पाठवणं कुठल्या रीतीत बसतं?

आणि सगळ्यात जास्त नुकसान बायकांचं होतं, ते सांगतो. लग्न ठरलं की मुलीच्या गोळ्या ‘लग्नापुरत्या’ बंद होतात. आई करते, कधी मध्यस्थ बाई सुचवतात. जागरणं, पाहुण्यांची गर्दी, नवं घर, आणि त्यात औषध अचानक तुटलेलं. बायपोलरच्या रुग्णाला यापेक्षा धोक्याचं काही नाही. दुसऱ्या काहीजणी बंद करत नाहीत, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून गुपचूप घेत राहतात. त्यातली गोळी सोडियम व्हॅल्प्रोएट (बायपोलरवर आणि फिट्सवर देतात ती) असेल आणि दिवस गेले, तर? या औषधावर असताना राहिलेल्या शंभरातल्या दहाएक बाळांना जन्मजात व्यंग येतं, आणि तीस-चाळीस बाळांच्या वाढीत अडचणी येतात, स्वमग्नता धरून. डॉक्टरांना लग्नाचं आधी सांगितलं तर औषध वेळेत बदलता येतं. पण नवऱ्याला माहीत नाही, म्हणून ती डॉक्टरांकडं जाऊच शकत नाही. नंतर मूल वेगळं निघालं की पुन्हा ‘आजोळाकडनं आलंय’. यातलं आजोळाचं किती आणि दडपणाचं किती, तुम्हीच सांगा.

बाळंतपणानंतर एकदम भान हरपणं हे एरवी हजारात एखाद-दुसऱ्या बाईला होतं. बायपोलर असलेल्या बाईला पाचांत एक एवढी शक्यता असते, आणि तिच्या आईला-बहिणीला बाळंतपणात असं झालेलं असेल तर आणखी जास्त. आधी माहीत असेल तर हे बऱ्याच वेळा टाळता येतं, झालंच तर लवकर ओळखता येतं. म्हणून ‘आईला बाळंतपणात काय झालं होतं’ हा प्रश्न अतिशय मोलाचा आहे. तो स्त्रीरोगतज्ज्ञांनी विचारायचा आहे. आणि त्याचं उत्तर द्यायला पोरीच्या आईला भीती वाटता कामा नये.

माझ्या थोरल्या चुलत्यांना स्किझोफ्रेनिया होता. ते रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात होते आणि आमच्या घरी सगळ्यांना ‘मुंबईला गिरणीत आहेत’ असं सांगितलं जायचं. गिरण्या बंद पडल्या तरी ते मुंबईलाच होते. माझ्या दोन आत्यांची लग्नं त्या गिरणीवर झाली. हे मी आज नावानिशी सांगितलं असतं, पण घरात एक पुतणी लग्नाची आहे आणि तुमचा अर्ज तिनं अजून भरायचा आहे.

म्हणून मागणं असं. तो रकाना काढा. ज्यांचे अर्ज भरून झालेत त्यांच्यावरची ती ओळ काळी करा आणि संगणकातूनही काढा. त्या जागी काही छापायचंच असेल तर ‘लग्नाआधी दोघांनी मिळून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ एवढं छापा, आणि जवळच्या नात्यातलं लग्न असेल किंवा घरात अक्षम मूल असेल तर जनुकीय समुपदेशनाचं नाव घ्या. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तो अर्जाच्या मागच्या बाजूला मावतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात असं आढळलं होतं. तुमच्या एका मेळाव्याला येणारी गर्दी बघता एवढ्या घरांपर्यंत सरकारी जाहिरातही पोचत नाही.

आणि एखादी मुलगी विश्वासानं तुमच्या कानात सांगेल की मला गोळ्या चालू आहेत, तर तिला ‘बंद कर, कुणाला कळायचं नाही’ असं सांगू नका. तिच्या डॉक्टरांकडं पाठवा, शक्य असेल तर होणाऱ्या नवऱ्यासकट.

पुढच्या मेळाव्यात दारापाशी एक टेबल द्या. मानसोपचाराचे डॉक्टर मिळतात का बघायला सीपीआर या सरकारी रुग्णालयात मी स्वतः जाईन. मांडव तुमचा, टेबल-खुर्च्यांचं भाडं माझं.

कळावे,
आपला,
पेठेतला एक औषध दुकानदार
कोल्हापूर